तेरा खापऱ्या

एक चूक मी माझ्या नावाने छापून आणली होती. तिथूनच सुरुवात करतो.

त्या गोष्टीला आता दोन तपे उलटली. मी तेव्हा बँकेत रोखपाल होतो आणि सुट्टीच्या दिवशी लेणी, शिलालेख, जुनी नाणी यांच्या मागे हिंडत असे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नव्हती, आजही नाही. ब्राह्मी अक्षरे एका जुन्या पुस्तकातल्या तक्त्यावरून वहीत गिरवून शिकलो. नालासोपाऱ्यातल्या एका छोट्या विहाराची बुद्धपौर्णिमेनिमित्त स्मरणिका निघायची होती. मंडळी लेख मागायला आली आणि मी एका बैठकीत चार पाने लिहून दिली. मथळा होता, ‘बुद्धाचे भिक्षापात्र सोपाऱ्यात सापडले!’ त्या उद्गारचिन्हावर तेव्हा मी फार खूश होतो.

विहाराची देखभाल एक वृद्ध गृहस्थ करीत. मुंबईच्या गिरणीत उभे आयुष्य काढून ते इकडे राहायला आले होते. त्यांनी माझ्या लेखाची पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवत, आणि मी गेलो की, ‘हेच ते सर,’ असे म्हणत.

पुढे दीड-दोन वर्षांनी सोपाऱ्याच्या उत्खननाचा मूळ निबंध माझ्या हाती लागला. तो शब्दकोश जवळ ठेवून सावकाश वाचला, तेव्हा माझ्या लेखातली खोट कळली. मी जे ‘सापडले’ म्हणून लिहिले होते, ते मूळ संशोधकाचे अनुमान होते. अनुमान आणि शोध यांतले अंतर मी मथळ्यातच गिळून टाकले होते. एका रविवारी विहारात गेलो आणि त्या गृहस्थांना म्हणालो, “काका, त्या लेखात माझं चुकलंय. त्या खापऱ्या बुद्धाच्याच पात्राच्या आहेत असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही.”

ते थोडा वेळ चौकटीकडे बघत राहिले. मला वाटले, रागावतील. पण त्यांनी विचारले, “बरं. मग सर, एकात एक असे पाच डबे करून त्यात ती खापरं ठेवली कुणी? आणि कशापायी?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. धर्मश्रद्धा किंवा पुराणकथा उत्खननाने सिद्ध होते का, या प्रश्नावर त्यानंतर मी बरेच वाचले. परंतु प्रश्न कसा विचारावा हे मला त्या दिवशी काकांनी शिकवले.

बुरुड राजाचा कोट

सोपारा हे गाव श्रद्धांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाला येतात. त्याच ग्रंथात समुद्राने मागे सरून जामदग्न्य रामाला जी भूमी दिली, ती शूर्पारकाचीच. बौद्धांच्या ‘दिव्यावदाना’त इथला पूर्ण नावाचा व्यापारी दासीपुत्र असूनही स्वकर्तृत्वाने मोठा होतो, समुद्रपर्यटने करतो, भिक्षू होतो, आणि त्याच्या निमंत्रणावरून स्वतः बुद्ध शूर्पारकात येतात. त्यांच्यासाठी इथे चंदनाचा प्रासाद उभारला जातो. जैन परंपरेतही सोपारक आहे. चौदाव्या शतकात ठाण्याला मारल्या गेलेल्या ख्रिस्ती साधूंचे अवशेष जॉर्डानस या धर्मोपदेशकाने सोपाऱ्याला आणून पुरले. युरोपातल्या काही विद्वानांना तर बायबलमध्ये सॉलोमन राजासाठी जिथून सोने येते ते ओफिर बंदर म्हणजेच सोपारा, असे वाटत होते.

इतक्या कथा ज्या गावाच्या नावावर आहेत, त्या गावातल्या एका मातीच्या टेकाडाला मात्र एकोणिसाव्या शतकात लोक वेगळ्याच नावाने ओळखत. ते नाव होते ‘बुरुड राजाचा कोट’. टोपल्या विणणाऱ्या कुणा राजाचा हा किल्ला, अशी समजूत.

ते टेकाड म्हणजे विटांचा स्तूप होता. गावाने स्तूप पाहिला होता, त्याच्या शेजारून रोज ये-जा केली होती, पण तो कशाचा हे ते पार विसरले होते. रिकाम्या जागी मग बुरुड राजा आला. नाशिकच्या पांडवलेण्यांचे तसेच. भिंतींवर सातवाहन आणि क्षहरात यांचे लेख आहेत, दाने भिक्षुसंघाला दिलेली आहेत, पण अक्षरे वाचता येईनाशी झाली आणि लेणी पांडवांची ठरली. आपण सहसा असे धरून चालतो की, कथा आधीची आणि अवशेष तिचा पुरावा. पुष्कळदा क्रम उलटा असतो. अवशेष आधी असतात आणि ते बघून कथा जन्माला येते. अशा वेळी अवशेषाला कथेचा साक्षीदार म्हणून उभे करणे म्हणजे बापाच्या जन्माचा दाखला मुलाकडे मागण्यासारखे आहे.

हे टेकाड 1882च्या एप्रिलमध्ये उघडले पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जन्म जुनागढचा, 1839चा. त्यांचे शिक्षण कुठल्या विद्यापीठात झाले नव्हते. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे आणि रुद्रदामनाचे लेख असलेला खडक लहानपणापासून समोर, त्यावरची अक्षरे त्यांनी पोरवयात स्वतःच्या हौसेने लावली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला आणले आणि त्यांच्यासाठी ते देशभर हिंडून लेखांचे ठसे घेत राहिले. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. त्यांचे निबंध इतरांनी इंग्रजीत उतरवले. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाला हे नाव घेताना थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो.

ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे काम तेव्हा जेम्स कॅम्पबेल करीत होते आणि भगवानलालांची त्यांना मोठी मदत होती. त्याच ओघात बुरुड राजाच्या कोटाच्या मधोमध खणले गेले. आत विटांची एक कुपी, कुपीत झाकण असलेली गोल दगडी पेटी. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुले. आणि सर्वांत आतल्या, सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या तेरा लहान खापऱ्या.

भगवानलालांनी अनुमान केले की, ज्या खापऱ्यांसाठी सोन्याचे घर केले, त्या साध्या नसणार. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात. त्यांच्या निबंधातले ‘असाव्यात’ माझ्या लेखात ‘आहेत’ झाले होते.

नाण्याची साक्ष, मूर्तींची साक्ष

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. ‘कुणी ठेवली?’ या प्रश्नाला पेटीतल्या वस्तू काही उत्तर देतात का?

एक देते. करंडकांसोबत चांदीचे एक नाणे मिळाले. त्यावर राजाचा मुखवटा आणि गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णी हे नाव. हा सातवाहन राजा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. नाण्याची साक्ष मोजकी पण पक्की असते. नाणे पाडले जाण्याआधी ते पेटीत जाऊ शकत नाही. म्हणजे हे नाणे ठेवणारा माणूस यज्ञ सातकर्णीच्या काळातला किंवा त्यानंतरचा. बुद्ध त्याच्या आधी किमान पाचशे वर्षे होऊन गेले होते.

मूर्ती आणखी वेगळे सांगतात. आठांपैकी सात मानुषी बुद्धांच्या आहेत. विपश्यीपासून शाक्यमुनी गौतमापर्यंत. आठवा मैत्रेय, म्हणजे अजून व्हायचा बुद्ध. त्यांच्या घडणीवरून अभ्यासक त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवतात. याचा अर्थ असा की, स्तूपाचे पोट मध्यंतरी पुन्हा उघडले गेले. कुणीतरी सहा-सातशे वर्षांपूर्वीची पेटी बाहेर काढली, आतले करंडक पाहिले, त्यांच्याभोवती आपल्या काळातल्या आठ मूर्ती मांडल्या आणि सगळे पुन्हा श्रद्धेने बंद केले.

म्हणजे पुराव्याने दोन पिढ्यांचे भक्त आपल्यासमोर उभे केले. एक सातवाहनकालीन किंवा त्यानंतरचे, दुसरे आठव्या-नवव्या शतकातले. दोघांनाही ती तेरा खापरे सोन्याहून मोलाची वाटत होती, हे सिद्ध झाले. कुठलाही प्रतिवादी वकील हे नाकारू शकणार नाही. खापऱ्या मुळात कुणाच्या, यावर मात्र पेटी गप्प आहे. तिच्यावर एक अक्षरही कोरलेले नाही.

रोखपालाच्या खिडकीत बसून मला एक गोष्ट कळली होती. नोट खरी की खोटी हे माझ्या बोटांना कळे. पण ती नोट गिऱ्हाइकाकडे कशी आली, याची तो जी हकीकत सांगे ती खरी की खोटी, हे नोटेवरून कधीच कळत नसे. खऱ्या नोटेबरोबर खोटी हकीकत येऊ शकते. सोपाऱ्याची पेटी शंभर टक्के अस्सल आहे. तिच्या अस्सलपणाने हकीकत अस्सल होत नाही.

एक पात्र, अनेक गावे

खापऱ्या बुद्धाच्या पात्राच्या असू शकतात का? विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्षूला मातीचे किंवा लोखंडाचे पात्र चालते. सोन्या-चांदीचे चालत नाही. तेव्हा मातीचे पात्र संभवते. पण परंपरेतली भिक्षापात्राची कथा अशी की, बोधीनंतर त्रपुष आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी बुद्धाला पहिले अन्न देऊ केले, ते घ्यायला पात्र नव्हते, म्हणून चार दिशांच्या चार लोकपालांनी चार दगडी पात्रे दिली आणि बुद्धाने ती चार दाबून त्यांचे एक केले. या कथेनुसार पात्र दगडाचे हवे. म्हणजे सोपाऱ्याच्या खापऱ्या खऱ्या मानल्या तर ही कथा अडचणीत येते.

आणि पात्रे तरी किती! पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूने बुद्धाचे पात्र पुरुषपुराला, म्हणजे आजच्या पेशावरला, पूजेत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. कंदहारला एक भलेमोठे हिरवट दगडी पात्र होते, ते आता काबूलच्या संग्रहालयात आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेच हे पात्र असे मानले. त्यावर नंतरच्या काळात मुसलमानी लेख कोरलेले आहेत, आणि त्या लोकांनीही ते जपलेच. बुद्धाने ते वैशालीकरांना दिले होते, या परंपरेमुळे ते भारतात परत आणावे अशी मागणी झाली आणि 2014 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तज्ज्ञ काबूलला जाऊन ते पाहून आले. एकट्या माणसाला हलवता येणार नाही असे ते दगडी पात्र घेऊन भिक्षेला कोण जाईल, हा प्रश्न तज्ज्ञ नसलेल्यालाही पडेल.

पेशावर, कंदहार, सोपारा यांपैकी एका ठिकाणचे पात्र खरे, तर बाकीची खोटी. पण कुठले, हे ठरवणारी परीक्षा कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. माती कुठली हे सांगता येईल, भाजणी किती जुनी हेही कदाचित सांगता येईल. त्या पात्रात पडलेला घास कुणी खाल्ला, हे मातीला माहीत नसते.

कनकमुनीचा स्तंभ

यावर कुणी म्हणेल की, सोपाऱ्याच्या पेटीवर लेख नाही म्हणून अडले. लेख असता तर? तर लेख असलेलेच उदाहरण घेऊ.

सोपाऱ्याच्या आठ मूर्तींत एक कनकमुनी बुद्धाची आहे. हा गौतमाच्या आधीच्या बुद्धांपैकी एक. याच्या ऐतिहासिकतेबद्दल कुणी फारसा आग्रह धरत नाही. परंपरेप्रमाणे तो इतक्या मागच्या काळातला की तिथे आपले कालगणनेचे हिशोबच चालत नाहीत. नेपाळच्या तराईत निगाली सागर नावाच्या तळ्याकाठी अशोकाचा एक मोडका स्तंभ 1895 मध्ये नोंदला गेला. त्यावर लिहिले आहे की, राज्याभिषेकानंतर चौदा वर्षांनी देवांच्या लाडक्या राजाने कनकमुनी बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला आणि पुढे स्वतः येऊन पूजा केली.

लेख आहे, तो समकालीन आहे, राजाचा आहे. त्याने काय सिद्ध होते? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात कनकमुनीचा म्हणून ओळखला जाणारा स्तूप होता, तो अशोकाच्या आधीचा होता, आणि राजाने त्यावर खर्च केला. इतिहासाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. पूर्वबुद्धांची कल्पना किती जुनी, याचा असा दगडी पुरावा दुसरा मिळणे कठीण. पण त्यावरून कनकमुनी नावाचा बुद्ध खरेच होऊन गेला, असे म्हणायला धर्मनिष्ठ बौद्ध अभ्यासकही सहसा धजावणार नाही. अशोकाची श्रद्धा सिद्ध झाली. त्या श्रद्धेचा विषय होता तिथेच राहिला.

या स्तंभाची एक लाजिरवाणी पुरवणीही आहे. तो प्रकाशात आणणारे सरकारी पुरातत्त्व अधिकारी आलोइस फ्यूरर यांनी शेजारीच कनकमुनीचा मोठा स्तूप पाहिल्याचे सविस्तर वर्णन छापले. पुढे पूर्णचंद्र मुखर्जी तिथे गेले, तेव्हा तसा स्तूपच सापडेना. वर्णन मनचे होते. याच फ्यूररनी एका ब्रह्मी भिक्षूला बुद्धाचे म्हणून बनावट अवशेष पुरवल्याचेही उघड झाले आणि 1898 मध्ये त्यांची नोकरी गेली. माणूस अडाणी नव्हता. संस्कृत जाणणारा होता. पण काय सापडायला हवे हे ज्याला खणण्याआधीच ठाऊक असते, त्याला ते कुठल्या ना कुठल्या मार्गाने सापडतेच. माझे उद्गारचिन्ह त्याच जातीचे होते. फरक असेल तर मापाचा.

जवळच लुंबिनी आहे. तिथल्या स्तंभावर अशोक म्हणतो की, अभिषेकानंतर वीस वर्षांनी आपण इथे आलो, कारण बुद्ध इथे जन्मले. आणि म्हणून या गावाचा कर माफ करून धान्याचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. हा स्तंभही फ्यूररच्या काळातच पुढे आला, त्यामुळे त्याच्यावरही शंका घेतल्या गेल्या. पण लिपी आणि भाषा तपासून अभ्यासकांनी तो अस्सल मानला आहे. बुद्धनिर्वाण आणि हा लेख यांत, कुठला कालखंड धरता त्यावर, दीडशे ते अडीचशे वर्षांचे अंतर येते. गावाची आठवण एवढा काळ टिकू शकते. तेव्हा गौतम बुद्ध याच परिसरात जन्मले, हे विधान आपण बऱ्याच विश्वासाने करू शकतो. जन्मताच त्यांनी सात पावले टाकली, हे विधान त्याच स्तंभाच्या जोरावर करता येत नाही. पुरावा एकाच जागी असतो, पण श्रद्धेच्या सगळ्या पायऱ्या तो चढत नाही. पहिल्या पायरीवर जागा, दुसरीवर काळ, तिसरीवर माणूस, चौथीवर घटना, पाचवीवर चमत्कार. लुंबिनीत पुरावा तिसऱ्या पायरीपर्यंत धापा टाकत पोहोचतो. सोपाऱ्यात पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो.

लुंबिनीच्याच मायादेवी मंदिराखाली रॉबिन कनिंगहॅम यांच्या पथकाला ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या, मधोमध उघडी जागा आणि तिथे झाडाच्या मुळांचे अवशेष. हे 2013 मध्ये जाहीर झाले आणि बुद्धजन्माचा काळ सिद्ध झाला, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. पण वृक्षपूजा आपल्याकडे बुद्धाच्या आधीही होती. झाडाभोवतीचे कुंपण कुठल्या देवाचे, हे कुंपणाच्या खळग्यांवर लिहिलेले नसते. जाणकारांनी ही शंका लगेच उपस्थित केली. ती बातमी मात्र कुठल्याच पहिल्या पानावर आली नाही.

उलटा गेलेला पुरावा

आतापर्यंतची उदाहरणे बौद्ध परंपरेतली दिली, कारण सोपारा माझे गाव. पण प्रश्न सगळ्यांचाच आहे.

हस्तिनापूरला बी. बी. लाल यांनी 1950 ते 1952 या काळात उत्खनन केले. चित्रित राखी भांड्यांची वस्ती मिळाली आणि ती गंगेच्या पुरात वाहून गेल्याच्या खुणा मिळाल्या. पुराणांत अशी नोंद आहे की, परीक्षिताच्या वंशातल्या निचक्षूच्या काळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेले आणि राजधानी कौशांबीला हलली. लाल यांनी या दोहोंची सांगड घातली. सांगड आकर्षक आहे आणि तिची चर्चा गंभीरपणे व्हायलाच हवी. पण पूर आला हे मातीने सांगितले. निचक्षू हे नाव मातीने सांगितले नाही, ते ग्रंथाने पुरवले. शिवाय त्या थरातली घरे कुड-मातीची आहेत, आणि महाभारत वाचून आपण राजवाडे शोधायला गेलेलो असतो.

द्वारकेचा अनुभव अधिक बोलका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 मध्ये द्वारकाधीशाच्या मंदिराजवळ खणले. सांकळिया म्हणजे नाशिक, जोर्वे, नेवासे इथल्या उत्खननांनी महाराष्ट्राचा अतिप्राचीन इतिहास ज्यांनी उभा केला ते. द्वारकेच्या वस्तीचा सर्वांत खालचा थर त्यांना साधारण दोन हजार वर्षांच्या आसपासचा आढळला. श्रद्धेला हवा असलेला काळ त्याहून फार मागचा. मग काय झाले? द्वारका खोटी ठरली, असे भाविक म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावे तरी का? जुनी द्वारका समुद्रात आहे, असे म्हटले गेले, आणि कथेतही ती समुद्रात बुडालेलीच आहे.

पुढे गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून एस. आर. राव यांनी 1980च्या दशकात समुद्रतळाचा शोध घेतला. घडीव दगड आणि दगडी नांगर मिळाले. राव यांनी ते महाभारतकालीन द्वारकेशी जोडले. त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी मात्र तसले नांगर ऐतिहासिक काळात, मध्ययुगापर्यंत वापरात होते, असे दाखवून ते एका गजबजलेल्या बंदराचे अवशेष म्हणून वाचले.

यातून मला एक नियम सुचला, तो तपासून पाहावा. जो पुरावा उलट गेला तर आपण मानणार नाही, तो सुलट गेला म्हणून मिरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. द्वारकेच्या खालच्या थराने कृष्णभक्ती डळमळली नाही, ती डळमळायलाही नको होती. मग वरच्या एखाद्या नांगराने ती भक्कम कशी होईल? कुदळीला पंच नेमायचे तर तिचे दोन्ही निकाल मान्य करावे लागतात. ते करायला श्रद्धा तयार नसते, आणि माझ्या मते यात तिची काही चूक नाही. श्रद्धेने कुदळीकडे जावेच का, एवढेच मी विचारतो.

श्रद्धा तिच्याकडे गेली की नुकसान दोघांचेही होते. श्रद्धा पुढच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची आश्रित बनते. आणि उत्खनन हव्या त्या थराकडे धावू लागते. मधले थर, म्हणजे मधल्या शेकडो वर्षांची माणसे, राडारोडा म्हणून बाजूला फेकली जातात. थर एकदा खणला की तो पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही.

डबे कुणी केले

काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला पुढे कार्ल्याला मिळाले. चैत्यगृहातल्या एका खांबावर लेख आहे. सोपारक इथला, धम्मोत्तरीय पंथातला सातिमित नावाचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा भिक्षू. त्याने हा खांब दान दिला. आणि लेख म्हणतो की, खांब ‘सशरीर’ आहे, त्यात पवित्र अवशेष आहे. सोपाऱ्याचा एक पाठक अवशेष जपून नेतो, घाट चढून कार्ल्याला जातो आणि तो दगडाच्या खांबात ठेवतो. कुणाचा अवशेष, हे आपल्याला कधी कळणार नाही. सातिमित मात्र कळला. नाव, गाव, पंथ, काम, सगळे कळले.

सोपाऱ्याच्या पेटीमागे सातिमितासारखीच माणसे असणार. फक्त त्यांची नावे लिहून ठेवलेली नाहीत. स्फटिक पोखरून त्याला झाकण बसवणारा कारागीर, तांबट, सोनार, विटा भाजणारे, आणि या सगळ्यांची मजुरी भरणारे कुणी बंदरातले व्यापारी. ज्यांचा नियम भिक्षूच्या हाती सोन्याचे पात्र येऊ देत नाही, अशा परंपरेतल्या या लोकांनी मातीच्या खापऱ्यांभोवती सोने घडवले. त्या खापऱ्या त्यांना कुणी दिल्या, काय सांगून दिल्या, त्यांनी ते कसे मानले, यावर अंदाज करता येतील, पण मी आता करणार नाही.

स्तूपाभोवती आज इमारती दाटल्या आहेत. जुन्या बंदराचा बराचसा भाग घरांच्या पायांखाली गेला आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 मध्ये इथल्या भाटेला तळ्याजवळ मिळाला, नवव्याचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात. आणखी किती तुकडे पायाच्या खड्ड्यांतून भरावात गेले, कोण सांगणार? पात्र बुद्धाचे की नाही यावर आपण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बोललो. ज्या शहराने ते जपले, ते शहर कसे होते, हे खणून पाहण्याची संधी त्या काळात हातची निसटत गेली.

काका आता नाहीत. ते असताना मी स्मरणिकेच्या पुढच्या अंकासाठी दुरुस्तीचा लेख लिहून दिला होता, आणि या वेळी मथळ्यात उद्गारचिन्ह नव्हते. त्यांनी तो वाचला आणि जुनी चौकट काढली नाही; तिच्याच खाली नवी चौकट लावली. एकदा कॉलेजातली दोन मुले आली असताना मी तिथेच होतो. काकांनी आधी वरचा लेख वाचायला सांगितला, मग खालचा. मुलांनी विचारले, “मग खरं कुठलं?”

काका म्हणाले, “वरचं सरांनी वाचायच्या आधी लिहिलंय. खालचं वाचून झाल्यावर.”

मग ते मुलांना स्तूप दाखवायला घेऊन गेले. जाताना त्यांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या. मीही काढल्या.